मुळावरची जागा आधी अडवा: जिवाणूजन्य रोगांविरुद्ध मित्र जिवाणूंचा वापर

काल संध्याकाळी टवटवीत असलेले टोमॅटोचे झाड आज दुपारी मान टाकते. पाने हिरवीच असतात, पिवळी पडत नाहीत, डाग नाही, किडीचा मागमूस नाही. पाणी कमी पडले असेल म्हणून पाणी दिले जाते. रात्री झाड थोडे सावरते, दुसऱ्या दुपारी पुन्हा लवते आणि तीन-चार दिवसांत कायमचे बसते. मग त्याच सरीतले पुढचे झाड, त्यानंतर त्याच्याही पुढचे, पाणी वाहते त्या दिशेने. ही जिवाणूजन्य मर. बहुतेक लोक मित्र जिवाणूंची पुडी आणायला निघतात ते याच दिवशी, आणि महिन्याभराने सांगतात की वापरून बघितले, काही उपयोग झाला नाही.

त्यांचे सांगणे खरे असते. त्या दिवशी वापरून उपयोग होतच नाही. जमिनीतले उपयुक्त जिवाणू आजारी झाडाला बरे करत नाहीत. ते मुळावर वस्ती करतात आणि रोगाच्या जिवाणूला तिथे पाय ठेवायला जागा देत नाहीत. म्हणून ते रोगाच्या आधी पोचले पाहिजेत, पुरेशा संख्येने पोचले पाहिजेत आणि जिवंत पोचले पाहिजेत. या लेखातली प्रत्येक पायरी या तीन अटींपैकी कुठल्या तरी एका अटीसाठी आहे.

आधी खात्री: रोग जिवाणूचाच आहे का?

मर बुरशीमुळेही होते, सूत्रकृमींमुळेही होते आणि मुळाशी पाणी साचल्यानेही होते. ओळखायची एक सोपी पद्धत आहे. नुकत्याच मलूल झालेल्या झाडाचे खोड जमिनीलगत कापा, त्याचा ५-७ सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी भरून त्यात तो वरचे टोक धरून अलगद लोंबता ठेवा. ग्लास हलवू नका. जिवाणूजन्य मर असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धाग्यासारखी धार खाली उतरताना दिसते. ती धार म्हणजे राल्स्टोनिया सोलॅनॅसिअरम या जिवाणूचे लाखो-कोटी पेशींचे लोट आणि त्यांनी तयार केलेला चिकट पदार्थ. हाच चिकटा झाडाच्या जलवाहिन्या तुंबवतो, म्हणून ओल्या जमिनीत उभे असलेले झाड तहानेने मरते. बुरशीच्या मरीत खोडाच्या आतला भाग तपकिरी दिसतो, पण अशी धार येत नाही.

तुकडा वाळलेल्या झाडाचा घेऊ नका. मेलेल्या खोडात इतर कितीतरी जिवाणू शिरलेले असतात आणि पाणी कशानेही गढूळ होऊ शकते.

पानांवरच्या रोगात पान उजेडासमोर धरा. जिवाणूचा ठिपका सुरुवातीला तेल लागल्यासारखा, पाणथळ, अर्धपारदर्शक दिसतो आणि पुष्कळदा शिरांमध्ये अडकून कोनाकार होतो. मऊ कूज तर नाकालाच कळते.

कुठे भरवसा ठेवावा, कुठे नाही

हे आधी सांगितलेले बरे, कारण अपेक्षा चुकीची असली की पुढची मेहनत वाया जाते.

मुळावाटे शिरणारे रोग हे या जिवाणूंचे खरे क्षेत्र. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, आले यांची मर त्यात येते. राल्स्टोनिया २०० हून अधिक प्रकारच्या वनस्पतींना लागतो, त्यामुळे एकदा जमिनीत बसला की त्याला उपाशी ठेवणे अवघड असते. अशा जमिनीत मित्र जिवाणूंनी मर कमी होते, लांबते, पण शून्यावर येईल असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मुकुटगाठीच्या रोगात मात्र यश फार ठळक आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

पानांवरचे रोग, म्हणजे झांथोमोनास गटातले भाताचे करपे, कोबीचा घाण्या, लिंबूवर्गाचा खैरा, डाळिंबाचा तेल्या, यांत मदत अर्धी आणि आडवळणाने मिळते. मुळावर वस्ती केलेले जिवाणू झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात, त्यामुळे रोगाची तीव्रता काहीशी उतरते. पावसाळी वाऱ्यात फक्त त्यांच्या भरवशावर बाग सोडणे धोक्याचे आहे.

मुळाशी नेमके काय घडते

मुळे नुसते पाणी ओढत नाहीत, ती जमिनीत साखर, आम्ले, अमिनो आम्ले सोडतातही. मुळाभोवतीच्या काही मिलिमीटर मातीत त्यामुळे जिवाणूंची एवढी दाटी होते की दोन ओळींमधल्या मातीशी तिची तुलनाच होत नाही. लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या भागाला रायझोस्फिअर हे नाव दिले. सगळी लढाई याच पातळ थरात होते.

राल्स्टोनिया मुळात शिरतो तो दोन वाटांनी: जखमांतून, आणि उपमुळे फुटताना मुख्य मुळाची साल जिथे उकलते तिथून. नेमक्या याच जागी मुळांतून सर्वांत जास्त अन्न पाझरते, त्यामुळे मित्र जिवाणूही तिथेच गर्दी करतात. जो आधी पोचतो त्याचा ताबा.

ताबा मिळाल्यावर तो टिकवायला त्यांच्याकडे वेगवेगळी हत्यारे आहेत. स्युडोमोनास फ्लुरोसन्स लोह पकडणारी पिवळट-हिरवी, अतिनील प्रकाशात चमकणारी द्रव्ये सोडतो. जमिनीत लोह भरपूर असते, पण विरघळलेले फार थोडे. ते सगळे एकाने ओढून घेतले की दुसऱ्याची वाढ खुंटते. त्याचे काही स्ट्रेन, म्हणजे एकाच जातीतले पोटप्रकार, प्रतिजैविक द्रव्येही बनवतात. बॅसिलस सबटिलिस आणि त्याचे जवळचे भाऊबंद सर्फॅक्टिन, इट्युरिन, फेन्जिसिन अशी साबणासारखी द्रव्ये बनवतात. सर्फॅक्टिन त्यांना मुळावर चिकट थर करून बसायलाही मदत करते. इट्युरिन आणि फेन्जिसिनचा मारा मुख्यतः बुरशीवर असतो, त्यामुळे बुरशीवर छान चालणारा बॅसिलस जिवाणूवर तितकाच चालेल असे धरून चालू नका. स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू, ज्यांच्यामुळे पहिल्या पावसात मातीला वास येतो, तेही प्रतिजैविके बनवण्यात तरबेज आहेत.

आणि शेवटचे हत्यार म्हणजे झाडाला दिलेला इशारा. मुळावरच्या या वस्तीची चाहूल लागली की झाड खोडापासून पानापर्यंत सावध होते आणि पुढे रोग आल्यावर लवकर आणि जोराने प्रतिकार करते. मात्र असे सावध व्हायला काही दिवस लागतात. म्हणजे पुन्हा तेच: आधी लावा.

आकडे मांडून बघा

शिफारशींमध्ये हेक्टरी २.५ किलो भुकटी शेणखतातून द्या असे अनेकदा लिहिलेले असते. ती शेतभर फेकली तर काय होते ते पाहू.

भुकटीच्या एका ग्रॅममध्ये १० कोटी जिवंत पेशी आहेत असे धरू. २.५ किलोत झाल्या २५,००० कोटी. आकडा प्रचंड वाटतो. पण एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारण २० लाख किलो भरते. सगळीकडे सारखे पसरले तर एका ग्रॅम मातीच्या वाट्याला येतात अवघ्या १२५ पेशी. त्याच एका ग्रॅममध्ये मूळचे जिवाणू कोट्यवधींनी असतात. मुठभर पाहुणे गर्दीत हरवतील, दुसरे काय होणार?

आता तोच माल दुसरीकडे वापरू. हेक्टरी २०,००० रोपे लागतात असे धरा. ९८ कप्प्यांचे सुमारे २०५ ट्रे. एका कप्प्यात २० मिली माध्यम धरले तर एकूण ४०० लिटर कोकोपीट. त्यात फक्त २ किलो भुकटी मिसळली तर प्रत्येक मिलिलिटर माध्यमात ५ लाख पेशी येतात, तेही अशा जागी जिथे स्पर्धक कमी आहेत आणि कोवळे मूळ नुकते बाहेर येत आहे. बुरशीजन्य रोगांवर झालेल्या अभ्यासांत स्युडोमोनासचा परिणाम दिसायला एका ग्रॅम मुळामागे साधारण १ लाख पेशींची वस्ती लागते असे आढळले आहे. १२५ आणि ५ लाख यांतला फरक ध्यानात ठेवलात तर पुढचे सगळे आपोआप समजेल.

माझे मत स्पष्ट आहे: खर्च आणि श्रम मर्यादित असतील तर सगळे जोर बियाणे आणि रोपवाटिकेवर लावा. शेतात फेकायचे राहिले तरी चालेल.

पुडी किंवा बाटली निवडताना

वेष्टनावर चार गोष्टी शोधा: जिवाणूचे पूर्ण नाव, स्ट्रेनचे नाव किंवा क्रमांक, दर ग्रॅम किंवा मिलिलिटर जिवंत पेशींची संख्या (ती सीएफयू या एककात असते), आणि उत्पादन व वापराची अंतिम तारीख. स्ट्रेन नसेल तर मी तो माल घेत नाही. एकाच जातीतला एक स्ट्रेन राल्स्टोनियाला अडवतो आणि दुसरा त्याच्याकडे बघतही नाही. जातीचे नाव हे आडनावासारखे आहे, त्यावरून माणसाचे काम कळत नाही. आडनावाने फसू नये याला आणखी एक कारण आहे: स्युडोमोनास याच कुळात सिरिंजीसारखे पिकांना रोग करणारेही आहेत.

सीएफयू वाचताना घाताकडे नीट बघा. १० चा ६ वा घात म्हणजे १० लाख आणि ८ वा घात म्हणजे १० कोटी. दोन पुड्या शेजारी ठेवल्या तर दिसायला सारख्या, पण दुसरीत शंभरपट जीव. मात्रा ठरवताना ग्रॅम मोजण्याआधी हा आकडा मोजा. वरचे आणि पुढचे सगळे हिशेब मी ग्रॅमला १० कोटी धरून केले आहेत. तुमच्या मालात कमी असतील तर मात्रा त्या पटीत वाढवावी लागेल, किंवा दुसरा माल बघावा लागेल.

बॅसिलस की स्युडोमोनास? बॅसिलस कठीण कवचाचे बीजाणू बनवतो, म्हणून उष्णता आणि कोरडेपणा सोसून बाटलीत वर्षभर आणि जास्तही टिकतो. स्युडोमोनासला असे कवच नाही. भुकटीत त्याची संख्या महिन्यामहिन्याने घटते, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोलीत तर झपाट्याने. त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे, तो मुळावर फार वेगाने पसरतो. साठवण आणि वाहतूक थंड ठेवता येत असेल, माल ताजा असेल तर स्युडोमोनास उत्तम. याची खात्री नसेल तर बॅसिलस घ्या. दोन्ही एकत्र द्यायचे असतील तर एकाच उत्पादकाने एकत्र चाचणी करून बनवलेले मिश्रण बरे. दोन वेगळ्या पुड्या स्वतः कालवल्या तर ते एकमेकांनाच दाबू शकतात.

जमिनीची तयारी

पाण्याचा निचरा नसेल तर बाकी सगळे व्यर्थ. राल्स्टोनियाला २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि ओली जमीन मानवते, आणि तो वाहत्या पाण्याबरोबर सरीभर फिरतो. गादीवाफे उंच करा, आणि शक्य असेल तिथे पाट-पाण्याऐवजी ठिबक घ्या.

सूत्रकृमींकडे दुर्लक्ष करू नका. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी मुळांना असंख्य जखमा करतात आणि मरीच्या जिवाणूला दारे उघडून देतात. मुळावर मित्र जिवाणूंची कितीही दाट वस्ती असली तरी जखम ताजी असेल तर रोग आत जातोच.

पूर्ण कुजलेले खत भरपूर घाला. अर्धे कच्चे शेणखत जमिनीत तापते, अमोनिया सोडते आणि आपल्याच जिवाणूंना मारते. फेरपालट करताना टोमॅटोनंतर वांगी, वांग्यानंतर मिरची अशी एकाच कुळातली साखळी ठेवू नका. मध्ये मका, ज्वारी, भात यांसारखे धान्यपीक घ्या. बांधावरची कामोणी उपटा, कारण पीक नसताना राल्स्टोनिया तिच्यावर तग धरतो. आणि ज्या जमिनीत गेल्या हंगामात निम्मी झाडे गेली, तिथे केवळ मित्र जिवाणूंच्या जोरावर तेच पीक पुन्हा लावण्याचे धाडस करू नका. तिथे प्रतिकारक वाण किंवा प्रतिकारक खुंटावरचे कलम हवेच. मित्र जिवाणू त्याच्या जोडीला.

बियाणे

घाण्या, टोमॅटोचे जिवाणूजन्य ठिपके हे रोग बियाण्यातूनच येतात. म्हणून आधी बियाणे स्वच्छ करा. टोमॅटो आणि कोबीच्या बियाण्याला ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २५ मिनिटे, फुलकोबीला २० मिनिटे. तापमापक हवाच, बोट बुडवून अंदाज चालणार नाही. दोन अंश जास्त झाले तर उगवण जाते, दोन अंश कमी झाले तर रोग राहतो. जुने किंवा कमी जोमाचे बियाणे ही प्रक्रिया सोसत नाही, म्हणून आधी शंभर बिया करून उगवण तपासा.

गरम पाण्यातून काढल्यावर लगेच थंड पाण्यात बुडवा आणि सावलीत वरवर सुकवा. या क्षणी बियाण्यावरचे बरे-वाईट बहुतेक जीव मेलेले असतात. घर रिकामे आहे, आणि रिकाम्या घरात जो पहिला येईल तो बसेल. म्हणून उशीर न करता मित्र जिवाणू लावा: १ किलो बियाण्याला १० ग्रॅम भुकटी, चिकटायला थोडे पाणी किंवा तांदळाची थंड झालेली पेज. मोठ्या बियाण्याला एवढी भुकटी पुरते. बारीक बियाण्याला प्रत्येक दाण्यावर पातळ थर दिसेपर्यंत लावा. सावलीत अर्धा तास सुकवून त्याच दिवशी पेरा.

बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, मित्र जिवाणू सर्वांत शेवटी. थायरमसारखी बुरशीनाशके आणि ताम्रयुक्त औषधे जिवाणूंनाही जाचतात, म्हणून त्यांच्यावर मित्र जिवाणू चोळण्यात फारसा अर्थ नाही. दोघांतले एक निवडा.

रोपवाटिका

वरच्या हिशेबाप्रमाणे माध्यमाच्या प्रत्येक १०० लिटरला ५०० ग्रॅम भुकटी मिसळा. भुकटी आधी थोड्या ओलसर गांडूळखतात कालवा आणि मग ते सगळ्या माध्यमात फिरवा, म्हणजे गोळे राहत नाहीत. माध्यम मुठीत दाबले की गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, एवढी ओल ठेवा. झाकून सावलीत दोन-तीन दिवस ठेवा आणि मग ट्रे भरा.

गादीवाफ्यावर रोपे करत असाल तर भुकटी वरच्या ५ सेंटिमीटर मातीतच मिसळा. खोल गाडलेली भुकटी पहिल्या मुळाला भेटायला उशीर होतो.

रोपांना दोन-तीन पाने आल्यावर एकदा लिटरला ५ ते १० ग्रॅम या प्रमाणात आळवणी द्या, म्हणजे द्रावण मुळाशी ओता. पाणी क्लोरीन घातलेले असेल तर ते उघड्या पसरट भांड्यात २४ तास ठेवा. विहिरीच्या किंवा पावसाच्या पाण्याला याची गरज नाही. मात्र रोगट शेतातून वाहून आलेले पाणी रोपवाटिकेला कधीही देऊ नका, कारण राल्स्टोनिया पाण्यात दीर्घकाळ जगतो.

पुनर्लागवडीचा दिवस

रोप उपटताना मुळे तुटतात, आणि प्रत्येक तुटलेले टोक म्हणजे रोगाला उघडे दार. म्हणून हा दिवस सर्वांत महत्त्वाचा आहे.

एका बादलीत १० लिटर पाणी घ्या, १०० ग्रॅम भुकटी आधी कपभर पाण्यात पेस्ट करून मग त्यात मिसळा. दर मिलिलिटरला १० लाख पेशी झाल्या. रोपांची मुळे त्यात २० ते ३० मिनिटे बुडवून ठेवा. भुकटीतला शंखजिऱ्याचा साका तळाशी बसतो आणि जिवाणूही त्याच्याबरोबर खाली जातात, म्हणून अधूनमधून ढवळत राहा. बादली झाडाच्या सावलीत ठेवा. द्रावण रोपांच्या तीन-चार खेपांनंतर बदला. हेच द्रावण रोपामागून रोपाला रोग पोचवण्याचे साधनही ठरू शकते, त्यामुळे मलूल दिसणारे रोप बादलीत जाताच कामा नये. ट्रेमधली रोपे असतील तर उपटू नका, पूर्ण ट्रेच उथळ घमेल्यात द्रावणात टेकवून भिजवा.

लावणी संध्याकाळी करा. शेणखतातून द्यायचे असेल तर २.५ किलो भुकटी १०० किलो पूर्ण कुजलेल्या, ओलसर खतात मिसळून सावलीत आठवडाभर झाकून ठेवा, एक-दोनदा पलटा, आणि लावताना प्रत्येक खड्ड्यात मुळाला लागून चिमूटभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम घाला. रोपामागे सव्वा कोटी पेशी जातात, आणि त्या पसरतात फक्त मुळाजवळच्या शंभरेक ग्रॅम मातीत. मघाचे १२५ आता सव्वा लाखावर आले. माल तोच आहे, बदलली ती जागा.

शेतातली आळवणी

लावणीनंतर साधारण १० दिवसांनी पहिली आळवणी, मग तीन-तीन आठवड्यांनी आणखी दोन. रोपाला ५० मिली, लिटरला १० ग्रॅम. २०,००० रोपांना १,००० लिटर द्रावण आणि १० किलो भुकटी लागते. खर्च मोठा आहे, म्हणून सगळ्या शेताला जमत नसेल तर जिथे पूर्वी मर झाली होती तो भाग, पाणी साचणारा सखल कोपरा आणि पाण्याच्या तोंडाजवळच्या ओळी निवडा.

जमीन वाफशावर असावी. कोरड्या मातीत द्रावण वरच्या थरातच अडकते, चिखलात ते वाहून जाते. ठिबकमधून द्यायचे तर द्रवरूप किंवा पूर्ण विरघळणारा माल घ्या. शंखजिऱ्यातली भुकटी ठिबकची छिद्रे बुजवते. आधी नेहमीचे पाणी द्या, शेवटी जिवाणू सोडा आणि नंतर नळ्या धुण्यापुरतेच साधे पाणी.

पानांसाठी फवारणी

लिटरला ५ ते १० ग्रॅम, सूर्य मावळताना, पानांच्या दोन्ही बाजूंना. अतिनील किरण उघड्या पानावरच्या जिवाणूंना थोड्या वेळात मारतात, म्हणून सकाळी दहाची फवारणी ही बहुतांशी पाण्याची फवारणी ठरते. रोग येण्याच्या हवामानाआधी सुरू करून १०-१५ दिवसांनी पुन्हा करा. नत्र बेताने द्या: लुसलुशीत पाने झांथोमोनासला फार आवडतात, आणि मित्र जिवाणू त्यावर काही करू शकत नाहीत.

ताम्रयुक्त औषधे हा याच रोगांवरचा प्रचलित उपाय आहे, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविकही पूर्वी सर्रास वापरले जाई. अडचण अशी की जिवाणू मारणारे औषध आपला-परका बघत नाही. ताम्राची फवारणी करावीच लागली तर त्याआधी आणि नंतर किमान ८-१० दिवस मित्र जिवाणू फवारू नका. पंप, बादली, नळी वेगळी ठेवा, निदान तीन वेळा धुवा. ब्लीचिंग पावडरच्या आळवणीलाही हाच नियम. रासायनिक खताच्या दाट द्रावणातही जिवाणू मिसळू नका.

मुकुटगाठ: सर्वांत स्वच्छ उदाहरण

बदाम, पीच, गुलाब अशा झाडांच्या खोडाच्या बुंध्याशी ॲग्रोबॅक्टेरियम गाठी आणतो. हा जिवाणू जखमेतून शिरून स्वतःच्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घालतो. त्यानंतर गाठ वाढायला त्या जिवाणूची गरजही उरत नाही, झाडाच्या पेशीच बेसुमार वाढतात. म्हणून गाठ आल्यावर कुठल्याही औषधाने ती जात नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात ॲलन केर यांना या रोगजंतूचाच एक निरुपद्रवी नातेवाईक मातीत सापडला. त्याचे नाव के-८४. तो ॲग्रोसिन ८४ नावाचे द्रव्य बनवतो. रोगाचा जिवाणू गाठीत तयार होणारे खास अन्न आत घेण्यासाठी जो मार्ग वापरतो, त्याच मार्गाने हे द्रव्य ओढून घेतो आणि मरतो. पुढे के-८४ मधले हे प्रतिजैविकाचे जनुक रोगजंतूकडे जाऊ शकते आणि मग तोच प्रतिकारक बनेल हा धोका लक्षात आला, तेव्हा ते हस्तांतर होऊ न शकणारा के-१०२६ हा स्ट्रेन तयार करण्यात आला.

वापरायची रीत अगदी साधी आहे आणि त्यात घाई हाच मुद्दा आहे. रोपे उपटली, मुळे छाटली की लगेच, त्याच तासाभरात, मुळे आणि बुंधा द्रावणात बुडवायचा, वाळू न देता लावायचा. दुसऱ्या दिवशी बुडवलेले रोप न बुडवल्यासारखेच. द्राक्षाची मुकुटगाठ वेगळ्या जिवाणूमुळे होते, तिच्यावर के-८४ चालत नाही. गाठ असलेली रोपे बुडवून वाचवण्याचा प्रयत्न करू नका, ती जाळून टाका.

ड्रममध्ये वाढवावे का?

गुळाच्या पाण्यात पुडी टाकून आठवड्यात २०० लिटर करा, असे सल्ले फिरत असतात. मी ते करू नये असे म्हणतो. उघड्या ड्रममध्ये गुळाचे पाणी म्हणजे परिसरातल्या प्रत्येक जीवाला आमंत्रण. यीस्ट आणि आम्ल करणारे जिवाणू आधी वाढतात. द्रावण फेसाळते, आंबट वास येतो, आणि मूळ जिवाणू किती उरले ते डोळ्यांनी कळत नाही. निर्जंतुक माध्यम, बंद भांडे आणि पेशी मोजण्याची सोय असेल तर गोष्ट वेगळी.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे. स्युडोमोनास कुळातला एरुजिनोसा हा अशक्त माणसांत गंभीर संसर्ग करतो आणि तोही मातीत-पाण्यात असतो. बर्खोल्डेरिया सेपासियाची कहाणी तर डोळे उघडणारी आहे. वॉल्टर बर्खोल्डर यांनी १९५० मध्ये तो कांदा सडवणारा जिवाणू म्हणून नोंदवला, नंतर त्याच गटातले काही स्ट्रेन पिकांचे रक्षक म्हणून वापरले गेले, आणि पुढे हा गट सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांना घातक असल्याचे स्पष्ट झाले. म्हणून ज्याची ओळख पटलेली आहे तोच जिवाणू हाताळा. भुकटी उधळताना नाका-तोंडावर कापड किंवा मास्क, हातात मोजे. हाताला जखम असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

मध्येच झाड बसले तर

ते झाड ओढत नेऊ नका, मुळांची माती सरीभर सांडते. भोवतालच्या मातीसकट खणून पिशवीत घाला आणि शेताबाहेर नष्ट करा. त्या सरीचे वाहते पाणी बंद करा. खुरपे, कात्री प्रत्येक वेळी निर्जंतुक करा. रिकाम्या खड्ड्यात मित्र जिवाणू ओतून लगेच दुसरे रोप लावण्याचा मोह टाळा, तिथली माती रोगाने भरलेली आहे. द्रावण द्यायचे ते चारही बाजूंच्या अजून निरोगी असलेल्या झाडांना. ज्यांच्या आत रोग शिरला आहे ती जातीलच. आपण प्रयत्न करतो ते त्यांच्या पुढच्या फळीसाठी.

फायदा झाला की नाही, हे मोजा

शेतात दोन-तीन ठिकाणी एकेक पट्टा मुद्दाम जिवाणू न देता ठेवा. सगळे पट्टे एकाच टोकाला नकोत, कारण उताराने रोग कमी-जास्त होतो. दर आठवड्याला मलूल झाडे मोजून वहीत लिहा. समजा न दिलेल्या पट्ट्यात २०० पैकी ४० झाडे गेली, म्हणजे २० टक्के, आणि दिलेल्या पट्ट्यात २०० पैकी १४, म्हणजे ७ टक्के. घट झाली ६५ टक्के. पण एका जोडीवर विसंबू नका, सगळ्या जोड्यांत फरक एकाच दिशेने दिसायला हवा.

फरक दिसला नाही तर दोन्ही पट्ट्यांतली काही झाडे खणून मुळे धुऊन बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर अडचण सूत्रकृमींची आहे. मुळे काळपट आणि माती आंबूस वासाची असेल तर निचऱ्याची. मुळे पांढरी, निरोगी असून झाडे तरीही ग्लासात दुधाळ धार सोडत असतील, तर पुडीवरची तारीख, ती कुठे ठेवली होती ती जागा आणि वापरल्याचा दिवस वहीत शोधा. उरलेली भुकटी असेल तर ती पेशींच्या मोजणीसाठी प्रयोगशाळेत पाठवा. यासाठीच प्रत्येक खेपेतला ५० ग्रॅम माल आणि वेष्टन हंगाम संपेपर्यंत थंड जागी जपून ठेवा.